चांदीच्या ताटातली काळी पूड

मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. ग्रंथपालाला समारंभात पहिल्या रांगेत बसवतात, कारण तो रिकामा आहे असा सगळ्यांचा समज असतो. मी जाताना पर्समधून जुनी कॅटलॉगची कार्डं न्यायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर वक्त्यांची वाक्यं टिपून घ्यायचे. ‘खरं तर मला बोलायचं नव्हतं’ याचं एक कार्ड. ‘वेळेअभावी थोडक्यात सांगतो’ याचं दुसरं. वाक्याखाली वक्त्याचं नाव, आणि त्यानंतर तो किती मिनिटं बोलला ते. निवृत्त होताना लोक शाल, घड्याळ आणि स्वतःचं एक तैलचित्र घरी नेतात. मी कार्डांनी भरलेला लाकडी खण नेला. त्याचा उपयोग माझ्या करमणुकीपलीकडं कधी होईल असं वाटलं नव्हतं.

माझी भाची पाच वर्षांपूर्वी शाहूवाडीकडून शिकायला आली आणि मंगळवार पेठेत माझ्याकडं राहिली. ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, आमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत. विषय द्विमितीय पदार्थ आणि त्यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणं. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, द्विमितीय म्हणजे नेमकं काय?

“आत्ती, लांबी हाय, रुंदी हाय. जाडी म्हणशील तर एका अणूएवढी. म्हणजे न्हाईच म्हण.”

“असलं पुष्कळ ऐकलंय मी,” मी म्हटलं. “पहिल्या रांगेत बसून.”

मग तिनं मला माझ्याच धंद्यातून समजावलं. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे एक जाडजूड पुस्तक. त्याची पानं सुटी केली, एकूण एक पान वेगळं केलं, तर प्रत्येक पान एका अणूएवढं पातळ निघतं. पुस्तक मिटलेलं असताना धूळ फक्त पुठ्ठ्यावर बसते. पानं सुटी झाली की प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना बसायला जागा. चमचाभर पुडीत एवढी जागा, की अंथरली तर एखादं मैदान झाकलं जावं. पण पानांना एकमेकांना चिकटायची फार हौस. म्हणून ती मधे मधे दुसरे रेणू अडकवते. ते पानं लांब ठेवतात आणि वर आकडीसारखे वागतात, जवळून जाणारा कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात. आकड्या भरल्या की पूड तापवायची, उकळत्या पाण्याइतकी. धरलेलं सगळं सोडून देते आणि पुन्हा भुकेली होते. त्याहून जास्त तापवली तर आकड्याच करपतात, मग ती चुलीत टाकायच्या लायकीची.

पुस्तकाची पानं सुटी करायची कल्पना मला तेव्हा पटली नाही आणि आजही पटत नाही. पण धूळ पानांत कशी शिरते याबद्दल मला कुणी शिकवायची गरज नव्हती, त्यामुळे बाकीचं समजलं.

पाच वर्षं माझ्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरण्यांशेजारी काळ्या पाण्याच्या बाटल्या होत्या. त्यांवर ‘हे खायचं नाही’ अशी चिठ्ठी होती. एकदा माझ्या एका मैत्रिणीनं चुकून चिठ्ठी लोणच्याच्या बरणीला लावली आणि आम्ही पंधरा दिवस लोणचं खाल्लं नाही.

हळूहळू तिची पूड जमली. नळकांड्यातल्या शुद्ध वायूवर सगळं नीट चाललं. आता प्रबंधाचं एकच प्रकरण उरलं होतं: खऱ्या धुराड्यातल्या खऱ्या धुरावर हे चालतं का. त्यासाठी खरं धुराडं हवं. जिल्ह्यात धुराड्यांना तोटा नाही, पण त्याला भोक पाडून नळी बसवू देणारा मालक हवा. शेवटी ती एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांकडं गेली. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “कागद बघून मी सही करत न्हाई. डोळ्यांनी दाव. सोमवारी तुमच्या कॉलेजात विज्ञान मंडळाचं उद्घाटन हाय, मीच पाहुणा हाय. तिथं दाव. पटलं तर तिथंच सही.”

शिष्यवृत्ती दोन महिन्यांत संपत होती. त्यानंतर गावाकडं परत, किंवा पुण्यात औषधांच्या कंपनीत गोळ्या मोजायच्या. दुसरा कारखाना शोधायला वेळ उरला नव्हता. म्हणजे सगळं त्या एका सहीवर आलं.

तिनं प्रयोग साधा ठेवला. माशांची एक काचेची पेटी घेतली, वर घट्ट झाकण आणि खाली बशी सरकेल एवढी खिडकी बसवली. आत एक छोटा पंखा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक यंत्र, लाल आकड्यांचं, शेवटच्या रांगेतून दिसेल असं. आकड्याचा अर्थ, हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग. चेअरमनसाहेबांनी नळीतून पेटीत तीन-चार फुंकरा मारायच्या, आकडा वर जाणार. मग पूड आत सरकवायची, आकडा खाली येणार. पूड एका बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात होती. होती नव्हती तेवढी सगळी, वाटीभर. नवीन करायला आठ दिवस लागले असते.

सोमवारी सकाळी मी तिच्याबरोबर गेले. सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या, पेटीचं झाकण उघडं होतं, आकडा सव्वाचारशे. “बाहेरच्या हवेइतका,” ती खूश होऊन म्हणाली, आणि पेटीच्या वायरी नीट करायला टेबलाखाली शिरली.

तेवढ्यात तीन गोष्टी घडल्या.

एक म्हणजे वीज गेली. सोमवार हा आमच्याकडं विजेच्या दुरुस्तीचा वार, हे समारंभ ठरवणाऱ्या सात जणांच्या समितीतल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. जनरेटर लावला, तो फक्त सभागृहापुरता. त्याचा आवाज भाषणांना त्रास देईल म्हणून खिडक्या आणि दारं सगळी बंद केली. भाषणांनी जनरेटरला त्रास होईल का, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

दुसरी म्हणजे तीनशे माणसं आली.

तिसरी प्राचार्यांनी केली. व्यासपीठावर बिस्किटांचा डबा बघून त्यांचा चेहरा पडला. “असं कसं? पाहुणे काय म्हणतील?” त्यांनी घरून हुपरीचं चांदीचं ताट मागवलं. डब्यातली सगळी पूड त्यात ओतली, चमच्यानं एकसारखी पातळ पसरली, कडेनं झेंडूच्या पाकळ्या लावल्या, वर जांभळं मखमली कापड आणि त्याला रिबीन. भाची टेबलाखालून बाहेर आली तेव्हा फेटे बांधणारा तिच्या डोक्याला फेटा गुंडाळायला सरसावला होता आणि मग तिला ताटाकडं बघायची उसंत मिळाली नाही. मी बघत होते. कापड झाकलंय म्हणजे ठीक असेल, असं मला वाटलं. पाच वर्षं तिचं व्याख्यान ऐकून माझी अक्कल एवढीच वाढली होती.

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मग चेअरमनसाहेबांनी रिबीन ओढली, मखमल बाजूला झाली, टाळ्या पडल्या, आणि प्राचार्यांनी पुडीवर हळदीकुंकू वाहून अक्षता टाकल्या. माझ्या शेजारी चेअरमनसाहेबांच्या वहिनी बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेतलेल्या. त्या माझ्याकडं वाकून म्हणाल्या, “चांदीच्या ताटात मिशरी कशाला ठेवलीया ओ?”

“मिशरी नाही. हवा साफ करायची पूड आहे.”

“मिशरीनं बी दात साफच करत्यात की.”

यानंतर सत्कार सुरू झाले. प्राचार्यांनी चेअरमनांचा, चेअरमनांनी प्राचार्यांचा, दोघांनी मिळून विज्ञान मंडळाच्या प्रमुखांचा, प्रमुखांनी समितीच्या सातही जणांचा. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि फेटा. शेवटी एक हार उरला, तो माशांच्या पेटीला घातला.

आणि मला एक गंमत सापडली. झाकण उघडं असल्यामुळं ते यंत्र पेटीतली नव्हे, सभागृहाची हवा मोजत होतं. लाल आकडा माझ्या समोरच होता. सत्कार संपले तेव्हा नऊशे. प्रास्ताविकानं तो बाराशे केला. ‘आजच्या विज्ञानयुगात’ या शब्दांनी सुरू झालेल्या एका भाषणानं सतराशे. मी एकतीस वर्षं भाषणं मोजायचा प्रयत्न करत होते, मिनिटांत, वाक्यांत, जांभयांत. आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यासाठी खरं यंत्र बनवलं होतं. मला हसू आवरेना. वहिनींना वाटलं मला ठसका लागला, त्यांनी खडीसाखर दिली.

चेअरमनसाहेब बोलायला उठले तेव्हा आकडा दोन हजारांच्या पुढं होता. विंगेतून ताट दिसत नव्हतं; भाचीला ते आत्ता दिसलं आणि ती माझ्याकडं आली. डोक्यावर गुलाबी फेटा, खाली चेहरा पांढरा.

“आत्ती, ते ताटात कुणी ओतलं?”

“प्राचार्यांनी. का गं?”

“कवापासनं उघडं हाय?”

“दोन तास होत आले.”

ती माझ्या पायाशी बसली. “पोट भरलं त्याचं. ह्या हॉलातलं सगळं खाऊन बसलंय ते. आता पेटीत टाकलं तर आकडा हलायचा सुदिक न्हाई.”

मी ताटाकडं बघितलं. पूड शांत पडली होती. बिचारीनं आपलं काम चोख केलं होतं. तीनशे माणसांचा श्वास आणि सहा भाषणं गिळली होती. तिच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार?

“मग तापव,” मी म्हटलं.

“ओव्हन वर लॅबमध्ये हाय. लॅबला लाईट न्हाई.”

तेवढ्यात बंद दाराच्या फटीतून मसालेभाताचा वास आला.

ती आधी उठली की मी, सांगता येत नाही. चेअरमनसाहेब सहकार चळवळीच्या आरंभापाशी पोचले होते. ती व्यासपीठावर गेली, काहीतरी यंत्र तपासल्यासारखं करून ताटातली पूड पाकळ्यांसकट बिस्किटांच्या डब्यात ओतली, रिकाम्या ताटावर मखमल टाकली आणि बाजूच्या दारानं बाहेर पडली. मी मागोमाग.

सभागृहामागं मांडवात आचारी होता, पेठ वडगावचा, खांद्यावर पंचा, समोर तीन शेगड्या. एका शेगडीवर मोठ्या पातेल्यात आधण खळखळत होतं.

“मामा, मोकळी परात हाय काय?” भाचीनं विचारलं.

“परात? ताई, पंगत अर्ध्या तासावर आलीया आनि परात मागताय?” त्यानं डब्यात डोकावून बघितलं. “आनि ही मिशरी कुनाची?”

“मिशरी न्हवं ती! ही गरम करायचीय. ह्या आधणावर परात ठेवून. पण वाफ आत लागता कामा न्हाई, आनि करपली तर माझी पाच वर्षं करपली.”

आचाऱ्यानं तिच्याकडं बघितलं, फेट्याकडं बघितलं आणि त्याचा आवाजच बदलला. “करपू न देणं हेच आमचं काम हाय की. बाजूला व्हा.”

त्यानं पहिल्यांदा पूड पिठाच्या चाळणीनं चाळली. वर पाकळ्या आणि तांदूळ राहिले. “अक्षता बी हायत ह्यात? कुनाचं लगीन लावलं?” मग पातेल्यावर परात ठेवली, पलीकडच्या कडेखाली उलथणं सरकवलं म्हणजे वाफ तिकडून बाहेर जाईल, अलीकडच्या कडेला ओला पंचा गुंडाळला, आणि पूड परातीत पातळ पसरली. “हलवत ऱ्हायचं. रवा भाजताना हलवतो तसं. पर ह्याला रंग याया नको, व्हय का न्हाई?”

“व्हय,” भाची म्हणाली. मला वाटतं, पाच वर्षांत तिचं संशोधन इतक्या पटकन कुणाला कळलं नव्हतं.

“किती वेळ?” मी विचारलं.

“पंधरा मिनिटं तापायला. मग झाकण लावून गार करायचं, उघडं ठेवलं तर पुन्हा खातंय. त्याला धा.”

“गार करायला मठ्ठ्याचं पिंप हाय,” आचारी म्हणाला. “बर्फ घातलाय.”

कर्ण्यातून चेअरमनसाहेबांचा आवाज आला, “शेवटी एवढंच सांगतो.”

भाचीनं माझा हात धरला. “आत्ती. पंचवीस मिनिटं पाहिजेत.”

“मी काय करू?”

“बोल.”

मी सभागृहात परतले. सूत्रसंचालन करणारा मराठीचा प्राध्यापक माझा जुना वाचक. त्याच्याकडं एका कादंबरीचा दंड अजून बाकी होता. मी त्याच्या कानात म्हटलं, “निवृत्त सेवकांच्या वतीनं दोन शब्द. आत्ता. प्रात्यक्षिकाच्या आधी.” “तुम्ही?” तो म्हणाला. एकतीस वर्षांत मी व्यासपीठावर फक्त हरवलेल्या पुस्तकांची यादी वाचायला गेले होते. पण दंडाचा विचार त्यानं केला असावा; चेअरमनसाहेब बसताच त्यानं माझं नाव पुकारलं.

माईकसमोर उभी राहिले आणि तोंड उघडलं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. पण तो लाकडी खण माझ्या डोक्यात आपोआप उघडला.

“व्यासपीठावर विराजमान सर्व मान्यवर, आणि माझ्यासमोर बसलेल्या ज्ञानोपासकांनो,” मी म्हणाले, “खरं तर मला बोलायचं नव्हतं.”

पहिल्या रांगेतले सगळे समाधानानं मागं टेकले. हे त्यांच्या ओळखीचं होतं.

मी वेळेअभावी थोडक्यात सांगितलं. मी कुठून सुरुवात करावी हेच मला समजेना, असं म्हणून चार ठिकाणांहून सुरुवात केली. चेअरमनसाहेबांना मी वटवृक्ष म्हटलं. प्राचार्यांना दीपस्तंभ म्हटलं. मग समितीच्या सात जणांना इंद्रधनुष्याचे सात रंग वाटून दिले. तांबडा कुणाला द्यायचा यावर थोडा वेळ गेला, तो मला हवाच होता. मांडववाल्याचे, फेटेवाल्याचे, कर्णेवाल्याचे आभार मानले. जनरेटरचे मानले, कारण तो स्वतः जळून इतरांना उजेड देत होता. इथं टाळ्या पडल्या. मी त्या माणसांना ओळखत होते, त्या टाळ्याही ओळखत होते, आणि तरीही त्या माझ्या अंगावरून गुदगुल्या करत गेल्या.

दहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मला मजा येतेय.

हे मी कबूल करते. आयुष्यभर ज्या पदार्थाला नाक मुरडलं तो चाखल्यावर आवडावा, तसं झालं. वाक्य सुरू करताना त्याचा शेवट कुठं होणार हे माहीत नसतं आणि तरी ते नीट जमिनीवर उतरतं, यात एक झोपाळ्याचा आनंद आहे. मी हात हलवायला लागले. आवाज खाली नेला, वर आणला. ‘मित्रहो’ म्हणाले, मला कुणी मित्रहो नाहीत. लाल आकडा तेवीसशेवरून पंचवीसशेवर गेला आणि त्यातला बराचसा माझा होता. मला त्याचा अभिमान वाटला.

बाजूचं दार किलकिलं झालं. भाची. हातात बिस्किटांचा डबा, झाकण घट्ट, बाहेरून मठ्ठ्याचे थेंब आणि कोथिंबिरीचं एक पान चिकटलेलं. तिनं हात वर केला. झालं, थांब.

मी थांबणार होते. “शेवटी एवढंच सांगते,” मी म्हणाले, आणि आणखी तेरा मिनिटं बोलले.

भाचीनं आधी हात हलवले, मग डबा हलवला, मग फेटा काढून तो हलवला. ती दिसत नव्हती असं नाही. पण माझ्या हातून ग्रंथालयाचे आभार मानायचे राहिले होते, आणि वाळवीचे, जिच्यामुळं आम्ही जागरूक राहिलो. अखेर सूत्रसंचालक टाळ्या वाजवत व्यासपीठावर आला. दंडाची परतफेड झाली, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मग प्रयोग. पेटीचा हार काढला, झाकण लावलं. आत सभागृहाचीच हवा, म्हणजे पंचवीसशे. चेअरमनसाहेब पुढं आले. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी. त्यांनी छाती भरून घेतली आणि नळीतून चार फुंकरा अशा मारल्या, की पेटीच्या काचेवर धुकं आलं. आकडा चार हजार एकशेवर जाऊन थांबला.

“माझं एवढं हाय?” त्यांनी विचारलं.

“आणि भाषणांचं,” भाची म्हणाली. तिनं डब्यातली पूड एका बशीत ओतली, खालच्या खिडकीतून आत सरकवली आणि पंखा लावला.

काहीच झालं नाही. आकडा हलला तो वरच, चार हजार एकशे वीस. सभागृह इतकं शांत, की बाहेर आचारी झारा आपटत होता तेही ऐकू आलं. मी वहिनींचा हात धरला होता. कधी धरला ते आठवत नाही.

मग चार हजार. एकोणचाळीसशे. छत्तीसशे.

मागच्या रांगेतला कुणीतरी ओरडला, “उतराय लागलं की ओ!” माणसं उभी राहिली. “ओ पावणं, बसा की खाली, आकडा दिसंना!” तीन हजारांना पहिली शिट्टी आली. आमच्याकडच्या लोकांना काहीही खाली पडताना बघायला मिळालं की कुस्तीचं मैदान आठवतं. “चीत कर! चीत कर!” असं ती मुलं एका वायूला सांगत होती. दोन हजारांना प्राचार्य स्वतः आकडे मोठ्यानं वाचायला लागले. हजाराच्या खाली आला तेव्हा फेटे उडाले, आणि सहाशेच्या आसपास तो रेंगाळायला लागला तेव्हा कुणाला ऐकू येईना की भाची काय म्हणतेय. ती म्हणत होती, “आत्ता ह्या हॉलातली सगळ्यात चांगली हवा ह्या पेटीत हाय.”

वहिनी म्हणाल्या, “मिशरी लई जोरकस दिसतीया.”

चेअरमनसाहेबांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, आता सही होते आणि आम्ही जेवायला जातो. पण भाचीनं कागद पुढं केला नाही. तो तिच्या पाठीमागं होता.

“साहेब, आधी एक सांगायचंय.”

मी तिला डोळ्यांनी खुणावलं, नको. तिनं बघितलं नाही.

“सकाळी ही पूड उघडी ऱ्हायली हुती. हॉलातली हवा पिऊन भरली हुती, कामाची न्हवती. तुम्ही बोलत हुता तवा मी ती मागं नेऊन भाताच्या आधणावर तापवली आनि मठ्ठ्यात गार केली. आनि ही आत्ती वेळ काढाय बोलत हुती. आधी सांगितलं न्हाई. तुम्ही सही कराय नको म्हणला तरी चालंल, पर खरं ते हे हाय.”

प्राचार्यांचा दीपस्तंभ विझला. चेअरमनसाहेबांनी पेनाचं टोपण बंद केलं.

“भाताच्या आधणावर?”

“व्हय.”

“नुसत्या वाफेच्या धगीवर? वीज न्हाई, भट्टी न्हाई, काय न्हाई?”

“न्हाई.”

“आनि परत चालाय लागली.”

“तुमच्यासमोरच की.”

त्यांनी फेटा काढला, कपाळ पुसलं. “पोरी, मागं एक सूटबूटवाले आलते माझ्याकडं. असलंच यंत्र विकाय. त्यास्नी मी इचारलं, भरल्यावर मोकळं कसं करायचं? म्हणाले, त्याला वेगळी इजेची भट्टी लागती. म्हटलं, जावा तुम्ही. आनि माझ्याकडं कारखान्यात हंगामभर वाफ हाय. वापरून उरलेली, गार होत आलेली, कुठं सोडावी कळंना अशी वाफ. हे तू आधी का न्हाई सांगितलंस?”

“अर्जात हाय की,” भाची म्हणाली. “पान चौथं.”

“म्हणूनच म्हणलं, कागद बघून मला कळत न्हाई.” त्यांनी कागद तिच्या पाठीमागून ओढून घेतला, माशांच्या पेटीच्या झाकणावर ठेवला आणि सही केली. मग आचाऱ्याला बोलावलं आणि स्वतःचा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. आचारी म्हणाला, भात गार होतोय, पंगत घ्या.

पंगतीत चेअरमनसाहेब माझ्यासमोर बसले. मठ्ठ्याचा दुसरा पेला संपवून म्हणाले, “बाई, धुराड्याला नळी बसंल त्या दिवशी आमच्याकडं छोटा कार्यक्रम करू. आभार तुम्हीच मानायचे.”

“छे हो,” मी म्हटलं, “खरं तर मला बोलायचं नाही.”

भाचीचा घास हातातच राहिला. ती माझ्याकडं बघून जी हसायला लागली ती मसालेभाताचा ठसका लागेपर्यंत. चेअरमनसाहेब वाढप्याला म्हणाले, “त्या दिवशी जेवण आधी वाढा. आनि खिडक्या उघड्या ठेवा.”

घरी आल्यावर मी लाकडी खण उघडला. ‘खरं तर मला बोलायचं नव्हतं’चं कार्ड काढलं. त्यावर खूप नावं होती, काही आता हयात नसलेली. सगळ्यात खाली जागा होती. तिथं मी माझं नाव लिहिलं आणि पुढं मिनिटं लिहिली: अडतीस.